कोरी काच

४ सप्टेंबर

आले बाई एकदाची! दोन बॅगा, माझी उशी आणि ही वही. परक्या उशीवर मला झोप लागत नाही, म्हणून प्रवासभर उशी काखेत मारून बसले. शेजारचा माणूस सारखा हसत होता. हसू दे.

वही पिल्लूने दिली आहे. आई नोकरीला दूर चालली तर तिने रोज काय केलं ते लिहायचं आणि भेटल्यावर सगळं वाचून दाखवायचं, असा हुकूम आहे. वय वर्षं सहा, पण हुकूम सोडण्यात तिच्या आजीच्या वरताण.

नोकरी खाली, खोली वर. एकाच इमारतीत. जिना उतरला की कामावर, त्यामुळे उशीर झाला म्हणून सांगायला बसची सबबही उरली नाही. खोली स्वच्छ आहे, खिडकी मोठी आहे, टेबलाचा एक पाय डुगडुगतो. दोन कॉट आहेत. दुसरी बघून मला इतकं बरं वाटलं! तीन महिन्यांत नोकरी कायम झाली की माझी आई पिल्लूला घेऊन येणार आहे. पिल्लूचे बाबा आपल्या वाटेने गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही तिघीच, आणि तिघी एका छपराखाली असाव्यात एवढीच माझी इच्छा आहे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, त्या स्वतः दारापर्यंत आल्या. साठीच्या असाव्यात, स्वतः डॉक्टर आहेत, बोलणं अगदी मऊ. माझी जड बॅग त्यांनी उचलली. आधीच्या नोकरीतल्या साहेबाला पाच वर्षांत माझं नाव धड घेता आलं नव्हतं.

६ सप्टेंबर

आज कामाला हात घातला. पिल्लूला वाचून दाखवायचं आहे, म्हणून सोपं करून लिहिते.

आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात ज्या पेशी असतात त्यांना लांबच लांब शेपट्या असतात. शेपटी ताठ राहावी म्हणून तिच्या आत बारीक धागे असतात. त्यांचं नाव न्यूरोफिलामेंट. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मग आम्ही त्या पेशींचा पातळ काप काचेवर ठेवून त्याच्यावर अँटिबॉडी सोडतो. ही भारी हट्टी असते. ती नेमकी त्याच धाग्याला जाऊन चिकटते, बाकी कुणाकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्यावर चिकटायला दुसरी अँटिबॉडी, हिला हिरवा रंग लावलेला. मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. काळ्याकुट्ट काचेवर हिरवे धागे! इतकी वर्षं बघतेय, तरी दर वेळी तोंडातून वा निघतोच.

इथली पहिली अँटिबॉडी घरची आहे. बाटलीवर कंपनीचं नाव नाही, नुसता चारचा आकडा. सगळे तिला चौथी म्हणतात. चौथी बाहेर काढा, चौथीला जपा, चौथी संपत आली. जशी काही या घरातली चौथी सूनच! पण काम असं चोख करते की नसांचे आजार ओळखायला दुसऱ्या प्रयोगशाळा तिच्यासाठी पत्रावर पत्रं पाठवतात.

एक गोष्ट मात्र खटकली. अँटिबॉडी करायची रीत ठरलेली आहे. सशाला तो धागा टोचायचा. परका पदार्थ आला म्हणून सशाचं अंग त्याच्यावर अँटिबॉडी तयार करतं. महिन्याने परत टोचायचं, मग रक्त काढायचं. पहिली सशाची असेल तर दुसरी सशाची ओळखणारी लागते. इथे फ्रीजमध्ये जी दुसरी आहे ती माणसाची ओळखणारी आहे. चष्मेवाल्यांना विचारलं. हे इथले जुने टेक्निशियन, जाड भिंगांचे, दिवसभरात दहा शब्द बोलले तर खूप. ते म्हणाले की पहिल्यापासून असंच चालत आलंय, चालू द्या.

नवीन जागा, नवीन तऱ्हा. मी कशाला नाक खुपसू.

अजून एक तऱ्हा. प्रत्येक वेळी एक कोरी काच करावी लागते. काप तोच, पण तिच्यावर चौथीऐवजी धडधाकट माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातलं नुसतं पाणी म्हण, घालायचं. धडधाकट माणसाच्या अंगात स्वतःच्या धाग्यांविरुद्ध अँटिबॉडी नसते, त्यामुळे ती काच काळीच राहिली पाहिजे. उजळली तर आपलं काहीतरी चुकलं. आधीच्या ठिकाणी आम्ही सर्रास आपलंच रक्त वापरायचो. बोट टोचलं, दोन थेंब काढले, झालं. इथे त्याला सक्त मनाई. मॅडमनी दिलेलं सीरमच वापरायचं, अशी भिंतीवर पाटी आहे.

संध्याकाळी मॅडमनी लस टोचली. रक्ताचं काम करणाऱ्याला काविळीची लस घ्यावीच लागते. माझी झालेली आहे म्हटलं, तर म्हणाल्या की ती जुनी, इथे नवी चालते. तीन डोस आहेत. दंड दुखतोय.

२० सप्टेंबर

रोज लिहायचं ठरवून चौदा दिवस दांडी. पिल्लू कान धरणार.

काम छान चाललंय. माझा हात पक्का आहे, हे मी नाही, मॅडम म्हणतात. पिपेटमधून थेंब सोडताना श्वास रोखायची सवय मला पहिल्यापासून आहे. चष्मेवाले नुसते बघत राहतात. काल त्यांनी आपणहून चहा आणून दिला आणि विचारलं की घरी कोण कोण असतं. मी पिल्लूबद्दल सांगायला लागले, तर मधेच उठून गेले. विचित्रच आहेत.

दर सोमवारी मॅडम माझं रक्त घेतात, तब्येतीच्या नोंदीसाठी. एवढी काळजी घेणारी जागा मी बघितली नव्हती.

माझ्या शेजारच्या खोलीत मॅडमची धाकटी बहीण असते. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळली आहे म्हणे. मॅडम स्वतः सगळं करतात तिचं. दार नेहमी बंद.

६ ऑक्टोबर

काल दुसरा डोस झाला. ताप चढला होता. मॅडम उशाशी बसून होत्या, कपाळावर ओला रुमाल ठेवत होत्या. मला आईची फार आठवण आली आणि मी चक्क रडले.

तेव्हा त्यांनी खूप चौकशी केली. आईला कधी असा ताप आला होता का, लस घेतल्यावर मला लहानपणी गाठ यायची का, पिल्लूला येते का. येते म्हटलं, सुपारीएवढी येते. त्यांनी पिल्लूचा फोटो बघायला मागितला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, तीन महिने कशाला थांबता, सुट्टी लागली की लगेच बोलवा की.

आईला फोनवर सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. नातीला सांभाळून दमली आहे, पण बोलायची नाही. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेची तिकिटं काढली.

१७ ऑक्टोबर

बोटांच्या टोकांना मुंग्या येताहेत. थंडी असेल. प्रयोगशाळेत गारठा असतोच.

आज पिपेटची टोकं हातातून दोनदा पडली. मी हसण्यावारी नेलं. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून टोकं गोळा केली आणि वर बघितलंच नाही.

२३ ऑक्टोबर

आज मी एक आगाऊपणा केला.

मॅडम चार दिवस बाहेरगावी आहेत. कोऱ्या काचेसाठीचं सीरम संपलं. एकीकडे काचा तयार, अँटिबॉडी घातलेली, थांबले तर सगळं वाया. चष्मेवाले जेवायला गेले होते. पाटीकडे पाठ केली आणि सरळ बोट टोचून थोडं रक्त काढलं, मशीनमध्ये गरगर फिरवलं, वर आलेलं सीरम काचेवर घातलं. आयुष्यभर हेच करत आले आहे.

कोरी काच उजळली.

नुसती उजळली नाही. धागा न् धागा हिरवा. चौथीच्या काचेपेक्षाही लख्ख.

चूक माझीच असणार. थेंब इकडचा तिकडे पडला असणार. हल्ली हात थरथरतो ना.

२४ ऑक्टोबर

परत केलं. वेगळी पिपेट, वेगळ्या काचा, चौथीची बाटली फ्रीजमधून बाहेरच काढली नाही. उजळली.

शंभरपट पातळ केलं. उजळली. हजारपट. दहा हजारपट. फिकी झाली, पण धागे मोजता येत होते.

म्हणजे माझ्या रक्तात आहे. माझ्याच नसांतल्या धाग्यांना जाऊन चिकटणारी अँटिबॉडी माझ्या अंगात आहे, आणि ती आपोआप येत नाही. त्यासाठी टोचावं लागतं. एकदा, आणि महिन्याने परत.

दंडावर हात ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे.

२५ ऑक्टोबर

चष्मेवाल्यांची नजर चुकवून डीप फ्रीजर उघडला. खालच्या कप्प्यात डबे आहेत. त्यावर आकडे. १, २, ३ रिकामे. ४ मध्ये दोनच बाटल्या शिल्लक.

५ मध्ये माझ्या सोमवारच्या तारखा. ११ सप्टेंबर, १८ सप्टेंबर, २५, २, ९, १६, २३. नाही, २३ नाही, त्या दिवशी मॅडम नव्हत्या. माझं डोकं नीट चालत नाहीये. सहा बाटल्या, मॅडमचं बारीक सुबक अक्षर.

त्याच्या मागे अजून एक डबा होता. कोरा करकरीत. ६. खाली लिहिलंय, मुलगी.

आईला फोन करायचा. उद्या सकाळीच इथून निघायचं. आज निघाले असते, पण संध्याकाळची गाडी गेली. फोन लागत नाहीये. परत लावते.

२६ ऑक्टोबर

रात्रभर फोन लागला नाही. सकाळी शेजारच्या खोलीचं दार किलकिलं होतं. चष्मेवाले पाणी बदलायला गेले असतील.

मी आत गेले.

बहीण वगैरे कुणी नाही. खुंटीवर प्रयोगशाळेचं ओळखपत्र लटकतंय, माझ्यासारखंच, पद माझंच. फोटोत गुबगुबीत गाल. कॉटवर जी आहे तिला गाल नाहीत. दोन्ही दंड टोचून टोचून निळे. बाकी काही हलत नाही. डोळे हलतात. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, परत माझ्याकडे, परत दाराकडे. जा म्हणत होती. मला, जा.

हीच चौथी. तीन वर्षं मी— नाही, दोन महिने. दोन महिने मी हिचं रक्त थेंब थेंब मोजून वापरलं आणि वा म्हटलं.

बॅग घेतली नाही. उशी घेतली नाही. जिन्यापर्यंत पोचले. चौथ्या पायरीवर पाय उचलावा म्हटलं तर तो माझं ऐकेचना. तिथेच बसले. मग घसरत दोन पायऱ्या. चष्मेवाल्यांनी उचलून वर आणलं. रडत होते ते. सगळा वेळ रडत होते, आणि बाहेरून कडी लावली.

२७ ऑक्टोबर

मॅडम आल्या. मला वाटलं नाकारतील. नाकारलं नाही.

कॉटवर बसून माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, सशाची अँटिबॉडी इतकी चांगली येतच नाही. माणसातही हजारात एखादीच असते. नोकरीआधी तुमची तपासणी झाली ना, तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर साठ अर्जांतून तुम्ही. चौथीमुळे किती लोकांचा आजार वेळेवर कळला, मोजदाद नाही. तुमच्यामुळे त्याहून जास्त. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पिल्लूला सोडा म्हटलं. पाया पडले.

त्या म्हणाल्या, आईत आहे ते लेकीत येतंच. आणि लहानपणी सुरुवात केली तर खूप वर्षं टिकतं.

तिसरा डोस दिला. मला हात सोडवता आला नाही.

२९ ऑक्टोबर

वही काढून घेत नाहीत. उलट रोज येऊन पान बघतात. ओळ कुठे वाकली, अक्षर किती मोठं झालं. फोटो काढतात. तारीख टिपतात.

आज एक वाक्य लिहायला किती वेळ— चहा गार झाला.

जीभ जड.

१ नोव्हेंबर

दहा तारखेला येणार. दहा. नऊ दिवस.

काहीही करून थांबवायचं.

चष्मेवाले पाणी द्यायला आले. माझा फोन त्यांच्याच खिशात, कडी लावली तेव्हापासून. मी हात जोडले, जुळले नाहीत नीट. त्यांनी दाराकडे बघितलं. मग आईला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

आईचा आवाज.

सगळं पाठ केलं होतं. येऊ नका, पिल्लूला आणू नका, पोलिसांना सांग. तोंडातून नुसता लगदा. आई म्हणतेय काय झालं गं, नीट बोल, रडतेस का. मी ओरडले. लगदाच.

मागे पिल्लू विचारत होती, आई आहे का, मला दे.

मॅडम दारात. फोन घेतला. गोड बोलल्या. नसांचा आजार आहे, घाबरू नका, मी डॉक्टर आहे, माणसं जवळ असली की बरं वाटेल तिला.

आई म्हणाली, आजच निघतो.

दहा नाही. आज.

मी बोलावलं. मीच.

२ नोव्हें

चष्मेवाले दिसत नाहीत.

पाय नाहीत. आहेत, पण—

दुसऱ्या कॉटवर नवी चादर घातली. छोटी उशी.

३

आल्या. जिन्यात पिल्लूचा आवाज. पायऱ्या मोजतेय

मिठी मारली. हात वर नाही गेला माझा. ती म्हणते आई तू थकलीस का

मॅडम आईला सांगतात — आजार रक्तातून उतरतो — पोरीला आत्ताच लस दिली तर टळेल — आई म्हणते उपकार झाले — आई त्यांच्या पाया पडायला वाकली

मागची पानं बोटांना उलटत नाहीत. हेच पान दाखवलं आईला. नको लिहिलं होतं. टोचू देऊ नको. पळ

आईने चष्मा लावला. पान फिरवून बघितलं. लागत नाही गं तुझं अक्षर, म्हणाली. डोक्यावरून हात फिरवला. रडू नको, होईल सगळं नीट

पिल्लू शहाणी. स्वतःच बाही वर केली. मला दाखवते, बघ मी घाबरत नाही, तू पण नको घाबरू

मॅडम हवा काढतात सुईतली

मोठं लिहिते आई. एकच अक्षर. पानभर. बघ इकडे आई

न

न—